सुनेबरोबर पाच दिवस हॉटेलांत

पाच दिवस मुंबईला होते आणि समुद्र पाहिला नाही. परत आल्यावर शेजारणींनी पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं, हॉटेलं पाहिली. मुलुंड, घाटकोपर, साकीनाका, बोरिवली. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

कराडला एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवर माझी खानावळ आहे. बावीस वर्षं चालवते. आमच्याकडे मेनूकार्ड नाही. त्या दिवशी जे शिजलं ते ताटात. माणूस बसला की पाणी, ताट, भाकरी. ती संपायच्या आत दुसरी. नको म्हणाला तरी अर्धी. जुनी गिऱ्हाइकं टिकून आहेत, पण नवीन येत नाहीत. कॉलेजची पोरं, बँकेतली बदलून आलेली माणसं एकदा येतात आणि पुन्हा दिसतात ती समोरच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये.

माझी सून रुपाली मूळची दहिसरची, हॉटेलचा डिप्लोमा केलेली. लग्नाला तीन वर्षं झाली. आल्यापासून म्हणत होती की कार्ड करूया, बसायची नीट व्यवस्था करूया. मी नाही म्हणत होते. तिला मी भाकरीवर बसवलं होतं, कारण खानावळीत सून आली की चुलीपाशीच बसते. तिच्या भाकरीचे काठ तीन वर्षांत एकदाही सलग आले नाहीत.

मग बोरिवलीहून तिला बोलावणं आलं. ती शिकत असताना जिथे उमेदवारी केली होती, त्या मालवणी हॉटेलच्या मालकाला कॅप्टन हवा होता. कॅप्टन म्हणजे वेटरांच्या वरचा माणूस, सगळं दालन सांभाळणारा. माझा मुलगा नीलेश ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा." ही त्याची जुनी सवय. ती गेली तर आज ना उद्या तोही जाणार, हे मला सांगायला कुणी नको होतं.

रुपाली म्हणाली, "आई, पाच दिवस माझ्याबरोबर चला. मी नेईन तिथे जेवा. रविवारी मला बोरिवलीला एक दिवस काम करून दाखवायचंय, तेही बघा. मग कार्डाला नाही म्हणा. मी परत विचारणार नाही, तिकडची नोकरी घेईन."

खानावळ जावेवर सोपवली आणि निघाले.

बुधवार, दहिसर

रुपालीचं माहेर चौदाव्या मजल्यावर. पूर्वी तिथेच चाळ होती, तिच्या जागी टॉवर आला. खिडकीतून नदी दिसते. नदी म्हणायचं ती आपली, पाणी कमी आणि भिंत जास्त. विहीणबाई कोकणातल्या. बुधवार असल्यामुळे बांगडे केले होते. मला काटे काढायला वेळ लागतो, आणि त्या मुंबईला राहूनही बांगडा असा सोडवतात की मागे फक्त कंगवा उरतो.

चपात्या मात्र बाहेरून आल्या. खालच्या पोळीभाजी केंद्रातून रोज वीस येतात. माझी नापसंती चेहऱ्यावर दिसली असावी.

"माझे गुडघे गेले आणि ह्यांना मऊ पोळी हवी," विहीणबाई म्हणाल्या. "रविवारी तर ह्या बिल्डिंगमध्ये गॅस कोण पेटवतच नाय. सगळे बाहेर. तुमच्यासारखा कोण नाय ओ आता, बावीस वर्षं चुलीपुढे."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवार, मुलुंड

सकाळी नऊला एका उडपी हॉटेलात. मुंबईकरांना यात काही नवल नाही, पण मी घड्याळ लावून बसले होते. बसल्यावर पहिला प्रश्न आला, "साधं पाणी की बाटली?" नमस्कार नाही, काही नाही. पाणी आलं, ऑर्डर तोंडी घेतली, कागद नाही, आणि सहा मिनिटांत डोसा समोर. चटणी पातळ, सांबार गोडसर. डोसा चांगला होता; कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ, म्हणजे तवा नीट तापलेला.

टेबल चौघांचं होतं. उरलेल्या दोन खुर्च्यांवर एक म्हातारं जोडपं न विचारता येऊन बसलं. आमच्याकडे अनोळखी बायकांसमोर पुरुषमाणूस असा बसणार नाही. इथे दोघांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वेटरने त्यांनाही काही विचारलं नाही. एक मसाला डोसा आणला, मधोमध कापून दोन बश्यांत, बाईंच्या बशीत चटणी जास्त.

"रोज येतात वाटतं," मी रुपालीला म्हटलं.

"असतील. बघा ना, त्याने विचारलं नाही तरी बरोबर आणलं. आणि आपल्याला ओळखत नाही, तर आपल्याला सगळं विचारलं."

मी म्हटलं, "त्यात काय मोठं."

खाऊन झाल्यावर मी सवयीने बश्या एकात एक घातल्या, चमचे वर ठेवले आणि बेसिनकडे निघाले. वेटर धावत आला.

"मावशी, ठेवा ओ. शेठने बघितलं तर मलाच घरी पाठवेल, तुम्हाला ठेवून घेईल."

म्हातारे आजोबा तेव्हा पहिल्यांदा हसले. मी बश्या दिल्या. त्याने घेतल्या आणि बघितल्या. "बरोबर लावल्यात हां," म्हणाला.

शुक्रवार, घाटकोपर

हा दिवस भांडणाचा. पूर्वेला बाजाराच्या रस्त्यावर एक शुद्ध शाकाहारी फॅमिली रेस्टॉरंट. कार्ड आलं ते सोळा पानांचं. पंजाबी, चायनीज, पावभाजी, पिझ्झा, आणि प्रत्येक पानावर बाजूला जैन असा वेगळा रकाना. शेजारच्या टेबलावर एक गुजराती बाई होत्या. त्यांनी जैन पावभाजी मागवली. मला कळेना, बटाटा, कांदा, लसूण काढल्यावर राहिलं काय. मी सरळ विचारलं. त्यांना राग आला नाही.

"कच्चं केळं," त्या म्हणाल्या आणि आपल्या ताटलीतलं चमचाभर एका रिकाम्या बशीत मला दिलं. "टेस्ट करो ना."

चव लागत होती. उगाच नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. केळं नीट ठेचलं होतं आणि मसाला पुढे होता.

आमचा वेटर चिपळूणकडचा निघाला. चाळिशीचा, बोलका. कराड म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे घाट उतरलं की आमचं गाव. शेजारीच." दुपारची गर्दी सरली होती. मी त्याला म्हटलं, "दादा, खरं सांगा. सोळा पानं. इतके पदार्थ आत रोज शिजतात?"

तो रुपालीकडे बघून हसला. "काकी धंद्यातल्या दिसतात."

"आहेत. सांगा त्यांना."

"आत तीन पातेली आहेत काकी. एक लाल, एक पांढरं, एक कांदा-टोमॅटोचं. सकाळी ग्रेव्ही करून ठेवायची. ऑर्डर आली की ह्यातलं एक डाव, त्यातलं अर्धं, वर पनीर टाकलं की एक नाव, काजू टाकला की दुसरं. जैनवाल्यांचं पातेलं वेगळं. बाकी सगळं कार्डावर."

मी रुपालीकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या सहामाहीत शिकवतात."

"मग तीन वर्षं मला हे करायला सांगत होतीस? तीन पातेल्यांची सोळा पानं?"

"मी कधी सोळा म्हटलं? मी अकरा पदार्थ म्हटलं होतं. तुम्ही कार्ड म्हटल्यावर पुढचं ऐकलंच नाही." तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने चमचा खाली ठेवला. "अकराही आपलेच. आमटी, पिठलं, भरलं वांगं, अख्खा मसूर, मटण. माणसाला निवडू द्या, एवढंच म्हणत होते."

"निवडून काय करणार? मला ठाऊक असतं त्याला काय लागतं."

"तेच तर," रुपाली म्हणाली.

वेटर बडीशेप ठेवून हळूच बाजूला झाला. तो धंद्यात मुरलेला होता, टेबल तापलं की लांब राहायचं त्याला कळत होतं. संध्याकाळी दहिसरला परतलो. विहीणबाईंनी दार उघडलं, आमची तोंडं बघितली आणि लेकीला म्हणाल्या, "दमलंस काय गो?" मला काही विचारलं नाही.

शनिवार, साकीनाका

सकाळी वाटलं होतं, आज घरीच राहावं. रुपाली म्हणाली, "आजची जागा तुम्हाला आवडेल. आपल्यासारखीच आहे." आणि खरंच आवडली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना छोटे कारखाने, लेथ मशिनी, पत्रा कापायचा आवाज, लोखंडाचा वास. मधोमध एक जेवणाची जागा. एक वाजला की गाळ्यागाळ्यांतून माणसं येतात, काळे हात कोपरापर्यंत साबणाने धुतात आणि मिळेल त्या बाकावर बसतात. राइस प्लेट एकच: दोन चपात्या, दोन भाज्या, डाळ, भात, पापड. डाळ बादलीतून फिरते. पंधरा मिनिटांत माणूस उठतो, दुसरा बसतो.

इथे मी खुशीत होते. चपात्या गरम होत्या, भाजीला पाणी सुटलं नव्हतं, वाढपी चपळ होते. घाटकोपरच्या सोळा पानांनंतर ही जागा बघून मला वाटलं, बघ, मुंबईतसुद्धा माझ्यासारखं चालतं. रुपालीला तसं ऐकवणारच होते.

समोर साधारण माझ्या वयाचा एक माणूस बसला होता. शर्टाच्या खिशात मोजपट्टी. त्याच्या चपात्या, भाज्या संपल्या होत्या आणि ताटात पांढराशुभ्र कोरडा भात तसाच होता. वाढपी बादली घेऊन आमच्या बाकाशी आला आणि तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून बादली टेकवून गेला. माणूस कोरड्या भाताकडे बघत स्वस्थ बसलेला. माझा हात आपोआप गेला. बादलीतला डाव उचलला आणि त्याच्या भातावर चांगली दोन डाव डाळ घातली.

"घ्या, संकोच करू नका," असंही म्हणाले.

त्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाकावरचे सगळे थांबले.

"ताई," तो म्हणाला, मराठी होती पण वळण कानडी होतं, "मी दही मागवलंय. शेवटचा भात आम्ही दह्याशी खातो."

त्याच क्षणी वाढप्याने त्याच्यापुढे दह्याची वाटी ठेवली. डाळभाताच्या बाजूला ती वाटी. मला जमिनीत जावंसं वाटलं असं लिहायची पद्धत आहे. मला फक्त हातातला डाव कुठे ठेवावा ते कळेना.

पलीकडचा एक जण म्हणाला, "अण्णा, आज नवीन मालकीणबाई आल्या वाटतं," आणि बाक हसला. अण्णाही हसला, पण त्याने ताटाला हात लावला नाही.

रुपाली उठली होती. त्याची माफी मागत बसली नाही. थेट आत गेली, एका ताटलीत गरम कोरडा भात घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवला आणि डाळीचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. "हे मी खाते. तुम्ही दही घ्या, अजून ताक लागलं तर सांगा." तो म्हणाला, "बस, बस." आणि जेवला. दहीभात कालवताना त्याने लोणच्याची फोड मधोमध ठेवली. ते बघून मला कळलं, हा रोजचा आहे, असाच रोज जेवतो, आणि मी त्याच्या जेवणात लुडबुड केली.

बाहेर आल्यावर रुपालीने ते काढलं नाही. मीच काढलं.

"चुकलं माझं."

"इथे चुकलं ते दिसलं, कारण त्याने सांगितलं," ती म्हणाली. "आपल्याकडे कुणी सांगत नाही. बँकेतले ते नवीन साहेब आले होते ना, चष्मेवाले. त्यांना तुम्ही तिसरी भाकरी वाढलीत. त्यांनी खाल्ली. तुमच्यासमोर नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. परत आले?"

मी आठवून पाहिलं. नव्हते आले.

"तुम्ही प्रेमाने वाढता, मला माहीत आहे. त्यांना नाही ना माहीत."

आम्ही एका टपरीवर चहा घेतला. चहा फार गोड होता.

रविवार, बोरिवली

मालवणी हॉटेल, पश्चिमेला. साडेअकराला उघडतं आणि बाराला दाराबाहेर रांग. माणसं वहीत नाव लिहून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहतात, घरी चूल असताना. विहीणबाईंचं म्हणणं अगदी खरं होतं.

रुपालीने पांढरा शर्ट, काळी पँट घातली होती. मालक परब, पन्नाशीचे, जाड मिश्या. त्यांनी मला कोपऱ्यातलं टेबल दिलं. "काकी, आज तुम्ही गिऱ्हाईक. उठायचं नाय." मी सुरमईची थाळी मागवली आणि बसून राहिले. वडे फुगलेले, गरम. सोलकढी दोन वाट्या प्यायले. पुढचं सगळं मी त्या कोपऱ्यातून बघितलं.

नऊ जणांचं कुटुंब आलं. वरच्या मजल्यावर ए.सी. होता आणि तिथे मोठं टेबल रिकामं. वेटर त्यांना जिन्याकडे नेत होता. रुपालीने आजीची काठी बघितली, खालची तीन टेबलं जोडायला लावली आणि तिथल्या दोन पोरांना वर थंड हवेत पाठवलं. ती दोघं खूश, आजी खाली. तीस सेकंदांचं काम. एका टेबलावर बाईंना सुरमईचा शेपटीकडचा तुकडा आला. त्या अजून तोंड उघडत होत्या तोवर रुपालीने ताटली उचलली होती. मधला तुकडा येईपर्यंत त्यांच्या नवऱ्याला वडे दिले, म्हणजे त्याचंही तोंड बंद.

पण मला पटलं ते दुसरंच. ती सगळ्या दालनात फिरत होती आणि माणसांच्या हातांकडे बघत होती. कुणी वाटीवर तळवा धरला की वेटरला लांबूनच मान हलवून थांबवायची. कुणाचा हात भातात नुसता फिरायला लागला की तिथे कालवण जायचं, पण आधी विचारून. मी बावीस वर्षं ताटांकडे बघत आले. ताट रिकामं दिसलं की भरायचं. त्या ताटापाशी हात काय म्हणतोय, ते कधी बघितलं नाही. आणि ज्या मुलीला ते दिसतं, तिला मी तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून पिठात बसवलं.

तीन वाजता गर्दी ओसरली. परब येऊन माझ्यासमोर बसले. रुपाली त्यांच्या मागे, घाम पुसत.

"काकी, सूनबाईंना एक तारखेपासून पाठवा. खोलीची सोय आम्ही बघू. अशी मुलगी मला दहा वर्षांत मिळाली नाय."

"ती नाही येणार," मी म्हटलं. "आमच्याकडे कॅप्टनची जागा आहे."

परबांनी मागे वळून रुपालीकडे पाहिलं. रुपाली माझ्याकडे बघत होती.

"आई, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर अटी घातल्या असत्यास."

"त्या आहेतच." तिने खुर्ची ओढली आणि मालकांसमोरच बसली. "एक, मी भाकरी करणार नाही. बाई ठेवायची. दोन, अकरा पदार्थांचं कार्ड."

"चालेल."

"तीन. जेवणाच्या वेळी तुम्ही बाहेर यायचं नाही. वाढायचं नाही. आग्रह करायचा नाही. कुणी ओळखीचं आलं तरी."

परब मिशीवरून हात फिरवत छताकडे बघू लागले. पहिल्या दोन गोष्टी मी कोपऱ्यात बसल्याबसल्याच मनात मान्य केल्या होत्या. ही तिसरी मला लागली. खानावळ माझ्या नावाने ओळखली जाते, ती चवीने की माझ्या वाढण्याने, हा हिशेब मी कधी केला नव्हता. रुपालीने घाई केली नाही. तिने माझ्यासमोरचं रिकामं ताट उचलायला वेटरला खूण केली आणि थांबली.

"एक महिना," मी म्हटलं. "एक महिना बघू."

"तीन."

"दोन."

परब म्हणाले, "मी इथेच आहे बरं का सूनबाई, दोन महिन्यांनी."

कराड

येऊन पाच आठवडे झाले. भाकरीला शेजारच्या वाडीतली एक बाई ठेवली आहे, शिवाय मीही थापते. कार्ड छापलं, एका पानाचं. मी आतल्या खोलीत असते. ती आणि जेवायची खोली यांच्या मध्ये ताटं सरकवायला एक खिडकी पाडली आहे, तेवढ्यातून मला माणसांचे हात दिसतात, तोंडं नाहीत.

पहिल्याच आठवड्यात कुलकर्णी मास्तर आले. निवृत्त झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दुपारी आमच्याकडे जेवतात. एकटे राहतात. त्यांच्या आवाजावरून ओळखलं.

"काकू कुठायत?"

"आत आहेत," रुपाली म्हणाली. "मास्तर, आज सुरुवात कशाने करू?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. त्यांच्या दोन भाकऱ्या मी नेहमी आधीच करून ठेवते.

"विचारतेच आहेस तर," मास्तर हळूच म्हणाले, "भात दे. नुसता भात आणि आमटी. भाकरी मला ह्या दातांना झेपत नाही गं."

मी खिडकीतून भाताचं ताट पुढे सरकवलं.